लग्नाची पत्रिका: यादीपासून आवतनापर्यंत

राजेहो, पत्रिका काढायची म्हटलं की घरचे सगळे पहिले कार्डाचा अल्बम घेऊन बसतात, कागद चोळून पाहतात, सोनेरी गणपती पाहतात, अन् रुसवे-फुगवे मात्र होतात ते नावावरून. म्हणून अल्बम राहू द्या बाजूला, आधी यादी करा.

यादी माणसांची नाही, चुलींची करायची. दोन भाऊ एकाच वाड्यात राहतात पण वेगळे निघालेत, तर पत्रिका दोन. घरात मागच्या लग्नाची आहेराची वही असेल ती काढा, कोणत्या गावच्या कोणी काय केलं होतं ते सगळं त्यात असतं, विसरलेले सोयरे तिथेच सापडतात. नावं गावाप्रमाणे लिहा म्हणजे एका रस्त्यावरची गावं एका फेरीत होतात. आकडा वरच्या शेकड्यात न्या, कारण प्रेसवाले शेकड्यानंच छापतात, अन् मागून पंचवीस मागितल्या तर परवडत नाही.

मग मजकूर. नवरदेव-नवरीचं नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका, लाडाचं नाव पाहिजे तर कंसात. वारलेल्या आजोबांच्या नावामागं स्व. लागलं का ते बघा, जुन्या पत्रिकेवरून मजकूर उचलला की तिथं हमखास श्री. राहून जातं. खरी गोम आहे विनीत, निमंत्रक, दर्शनाभिलाषी या रकान्यांत. जवायाचं नाव खाली गेलं, किंवा एका चुलत भावाचं आलं अन् दुसऱ्याचं राहिलं, की तो माणूस मांडवात येते पण जेवत नाही! भावकी मोठी असेल तर दोन नावं घेऊन तिसरं सोडण्यापेक्षा "समस्त अमुक परिवार" लिहून मोकळे व्हा. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" खाली पोरांची नावं टाकायची तर सगळ्या पोरांची टाका, नाही तर ती ओळच नको.

पिंपळगाव, वडगाव नावाची गावं जिकडे तिकडे आहेत, त्यामुळे ता. अन् जि. लिहाच. उन्हाळ्याचं लग्न असेल तर मुहूर्तासोबत जेवणाची वेळही छापा, मे महिन्याच्या उन्हात लोकं त्याच हिशोबानं निघतात. बौद्ध पद्धतीचं लग्न असेल तर बुद्ध अन् बाबासाहेबांचा फोटो, मंगल परिणय हे सगळं प्रेसवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाही तर त्याच्याकडं तयार असलेला गणपतीचा मजकूर समोर येतो.

प्रूफ मोबाईलवर घाईत पाहू नका. आपण वॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर त्यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या फॉन्टमध्ये जातो अन् जोडाक्षरं तुटतात. कागदावर प्रिंट मागा, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या मजकुराशी ताडायचं. तारीख-वार कॅलेंडरवर बघा, छापलेला मोबाईल नंबर लावून बघा.

कार्ड मग कोणतंही घ्या. माझं मत विचाराल तर साधं घ्या, जाड कार्डाचे पैसे पंगतीत टाका.

पत्रिका आल्या की कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं, पहिली कुलदैवताला अन् गावच्या मारुतीला ठेवायची, मग मामा, जवाई, लेकी. यांच्या घरी घरचं मोठं माणूसच गेलं पाहिजे, पोराच्या हातानं पाठवली तर "आमाले कोणी सांगालेच नाई आलं" हे ऐकायची तयारी ठेवा. लांबच्यांना वॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण फोटो किंवा पीडीएफच पाठवा, अन् मागून फोन करा. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप घालणारी फाइल, पाठवून लुबाडणारे आहेत, तशी फाइल कोणाकडूनही आली तर उघडू नका.

गावात मात्र नुसत्या कार्डावर भागत नाही, तोंडी आवतन लागते. चूलबंद असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, सगळे पंगतीला. घरटी एकच माणूस असेल तर तेही आडपडदा न ठेवता सांगा, स्वयंपाकाचा अंदाज त्यावरच बसतो.

अन् चार-पाच कोऱ्या पत्रिका कपाटात ठेवून द्या. लग्नानंतर 90 दिवसांत विवाह नोंदणी करायची असते, गावात ते काम ग्रामपंचायतीत होते, अन् कागदपत्रांसोबत तिथं लग्नपत्रिका मागतात.