लग्न झालेलं नाही, पण बाळ तुमचं आहे? आधी फॉर्म बघा

बाळंतपण रुग्णालयात झालं की जन्माची माहिती महापालिकेकडे रुग्णालयच कळवतं, २१ दिवसांच्या आत. म्हणून नर्स फॉर्म घेऊन येते तेव्हाच दोघांनी शेजारी बसून ‘वडिलांचे नाव’ हा रकाना भरा, आधार कार्डावरचं स्पेलिंग ताडून बघा आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागाहून वॉर्ड ऑफिसात नाव घालून घेणं फार किचकट जातं.

पण दाखल्यावर नाव लागलं म्हणजे ताबा मिळाला, असं समजू नका. इथेच घोळ होतो. हिंदू पालकत्व कायद्यात (१९५६, कलम ६) लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. आई मुलाला भेटूच देत नसेल, तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथे आधी मुलाचं हित पाहतात. डीएनए चाचणीसुद्धा मागितली की लगेच मंजूर होते असं नाही. त्यामुळे लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या, पाठवलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा. आणि रागाच्या भरात मुलाचा खर्च थांबवू नका, कळकळीने सांगतो. लग्न नसलं तरी पोटगीचा हक्क मुलाला आहेच, भेट होवो न होवो.