सरकारी संकेतस्थळाची वापरसुलभता तपासताय? या चुका टाळा

संकेतस्थळ तपासायला घेतलं की बहुतेक जण आधी मुखपृष्ठ उघडतात. रंगसंगती, चित्रं, मेनू, सरकती सूचनापट्टी यांवर शेरे लिहितात आणि अहवाल तयार होतो. पण नागरिक तिथे संकेतस्थळ बघायला येत नाही. त्याला दाखला हवा असतो, कर भरायचा असतो, नावातली चूक दुरुस्त करायची असते. अनेकदा तो सर्च इंजिनमधून थेट आतल्या पानावर उतरतो आणि मुखपृष्ठ त्याच्या नजरेलाही पडत नाही.

आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेची व्याख्या आहे. ठरावीक वापरकर्त्याचं, ठरावीक उद्दिष्ट, ठरावीक परिस्थितीत पूर्ण होतं का, त्यासाठी किती वेळ आणि श्रम लागतात, आणि तो समाधानी असतो का, हे तीन प्रश्न त्यात येतात. म्हणून तपासणीची सुरुवात पानांच्या यादीने नको, कामांच्या यादीने करा. कोणती कामं घ्यायची हे मदतकेंद्राच्या फोनची नोंदवही आणि खिडकीवरचा कर्मचारी सांगेल. लोक कशासाठी परत परत येतात, हे त्याला तोंडपाठ असतं.

प्रश्नातच उत्तर देऊ नका

खऱ्या नागरिकाला काम द्यायचं आणि तो ते कसं करतो हे बघायचं, ही चाचणी. सगळ्यात जास्त चाचण्या इथे वाया जातात. मेनूत ‘पत्ता बदल अर्ज’ असं लिहिलेलं असतं आणि आपण सहभागी व्यक्तीला सांगतो, ‘पत्ता बदलाचा अर्ज शोधा.’ ती तेच शब्द नजरेने जुळवते आणि वीस सेकंदांत लिंक सापडते. मग आपण ‘शोधणं सोपं आहे’ असं लिहून मोकळे होतो. त्याऐवजी असं विचारा: ‘तुम्ही गेल्या महिन्यात घर बदललंत. सरकारी नोंदीत अजून जुनाच पत्ता आहे. आता काय कराल?’ मग दिसतं की माणूस ‘घर बदललं’ असं टाइप करतो आणि शोधपेटीतून एकही निकाल येत नाही. विभागांची रचना कार्यालयाच्या सोयीची असते. कुठलं काम कुठल्या विभागाकडे आहे हे नागरिकाला ठाऊक असायचं काही कारणच नाही.

काम दिल्यावर गप्प बसणं त्याहून अवघड. समोरची व्यक्ती अडली की आपला हात आपोआप पडद्याकडे जातो. आवरा. ती कुठे थांबते, कोणता शब्द दोनदा वाचते, कधी मागे जाते, हे टिपा. ‘आवडलं का?’ असं विचारलंत तर बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात. त्या उत्तरापेक्षा ती दहा मिनिटांपूर्वी कुठे अडखळली होती, ते जास्त खरं.

कार्यालयातला संगणक, कार्यालयातलेच सहभागी

मोठा पडदा, वेगवान इंटरनेट आणि नियम पाठ असलेले सहकारी घेऊन केलेली चाचणी कार्यालयापुरतीच खरी. साधा फोन, डगमगतं नेटवर्क, आईवडिलांसाठी अर्ज भरणारी मुलगी, कुणाकडून तरी अर्ज भरून घेणारा माणूस, हे सगळे चाचणीत हवेत. कागदपत्रंही आधीच स्कॅन करून हातात देऊ नका. फोटोचा आकार ठरलेल्या मर्यादेत बसवताना बरेच अर्ज अर्धवट राहतात, आणि आयती फाइल दिली की तो टप्पा तपासलाच जात नाही.

पाच माणसांवरून टक्केवारी

‘पाच जण पुरे’ हा नियम नीलसन आणि लँडॉवर या वापरसुलभतेच्या संशोधकांच्या १९९३ मधल्या गणितातून पुढे आला. एक सहभागी सरासरी ३१ टक्के दोष दाखवतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात. हा नियम दोष शोधण्यासाठी आहे, तोही एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी. पाचातल्या चौघांनी काम पूर्ण केलं म्हणून ‘यशाचं प्रमाण ८० टक्के’ लिहू नका. एवढ्या छोट्या नमुन्यात खरा आकडा ३६ ते ९८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो.

एसयूएस (सिस्टिम यूजेबिलिटी स्केल) या वापरसुलभता मोजणाऱ्या दहा विधानांच्या प्रश्नावलीचंही तसंच. तिचे गुण शंभरपैकी असतात, पण ती टक्केवारी नाही. साधारण सरासरी ६८ धरली जाते, म्हणजे ६५ मिळाले तर ‘प्रथम श्रेणी’ समजण्याचं कारण नाही. भाषांतर करताना एकाआड एक येणारी नकारार्थी विधानं सोप्या भाषेत आहेत ना, हे आधी चार जणांना वाचायला देऊन पाहा.

भेटींच्या आकड्यावर तर विसंबूच नका. अर्ज अडला म्हणून सात वेळा आलेला माणूसही लोकप्रियतेतच मोजला जातो.

टूलने हिरवी खूण दिली म्हणजे सुगम्य नव्हे

सुगम्य म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असं. ते तपासणारं स्वयंचलित टूल चित्राला पर्यायी मजकूर आहे का, हे सांगतं. तो मजकूर ‘इमेज १’ असेल तर अंध व्यक्तीला त्याचा काय उपयोग, हे त्याला कळत नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला किमान ४.५:१ फरक ते मोजेल, पण पूर्ण अर्ज फक्त कीबोर्डवर भरून बघणं आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) रोज वापरणाऱ्यांना चाचणीला बोलावणं, हे आपलंच काम. सेशनची वेळमर्यादा, म्हणजे किती वेळाने संकेतस्थळ आपोआप बाहेर काढतं, हमखास तपासा. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधारणपणे वेळ संपण्याआधी सूचना मिळायला हवी आणि वेळ साध्या कृतीने वाढवायला किमान २० सेकंद हवेत. अर्धा तास खपून भरलेला अर्ज डोळ्यांदेखत पुसला गेला, तर हळू टाइप करणारा माणूस पुन्हा त्या पानावर येईलच असं नाही.

‘सबमिट’ला चाचणी थांबवू नका

बटण दाबल्यावर पावती मिळते का, अर्ज क्रमांक नंतर सापडतो का, ‘प्रक्रियेत’ या शब्दाचा अर्थ समोरच्याला काय कळला, हे विचारा. कागद अपुरा असेल तर नेमका कोणता, हे संदेशात लिहिलेलं आहे का? जमल्यास सहभागींना पंधरा दिवसांनी फोन करा आणि अर्जाची सद्यस्थिती त्यांनाच शोधायला सांगा. पासवर्ड विसरलेला असतो, फोन बदललेला असतो, पावती कुठल्या फोल्डरमध्ये गेली ते आठवत नसतं. चाचणीचा हा भाग त्या अवस्थेतच करायचा आहे.