बाळाचा घोळणा फुटला तर दवाखाना कधी?

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पोरांचा घोळणा फुटतोच. मान मागे टाकू नका. रक्त घशात उतरतं नि पोर ओकतं. मांडीवर बसवून किंचित पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. घड्याळ बघून पूर्ण 10 मिनिटं. थांबलं का म्हणून मध्येच सोडून बघायचं नाही, बहुतेकांचं तिथंच चुकतं. आणखी 10 मिनिटं दाबूनही थांबेना, डोक्याला मार लागून आलं किंवा पोर पांढरंफटक पडलं, तर थेट दवाखाना गाठा. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर रक्त थांबलं तरी दाखवाच. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्ताळ शेंबूड येत असेल तर आत शेंगदाणा, मणी अडकलेला असू शकतो. घरी चिमटा घालू नका. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.