प्रॉक्सी क्लायंट टाकताय? विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइलवर या चुका टाळा

प्रॉक्सी क्लायंट म्हणजे आपला नेट ट्रॅफिक दुसऱ्या एखाद्या सर्व्हरमधून फिरवून नेणारं ॲप, आणि त्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी: "क्लायंट टाकला, कनेक्टेड दाखवतंय, पण एकही पान उघडत नाही." मग पुढचा प्रश्न ठरलेला, की दुसरा कुठला क्लायंट चांगलाय? आणि मग माणूस दुसरा टाकतो, तिसरा टाकतो, पहिला काढत नाही, आणि तासाभरात लॅपटॉपवर तीन क्लायंट एकाच पोर्टवर, म्हणजे ॲपच्या एकाच नंबराच्या दारावर, भांडत बसतात. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये काही खोट नसते, ट्रॅफिक मध्येच कुठेतरी अडकलेला असतो आणि तो कुठे अडकलाय हे बघायच्या आधीच आपण सगळं उचकटून टाकतो.

पहिली गोष्ट, क्लायंट म्हणजे सेवा नव्हे. क्लॅश व्हर्ज, व्हीटूरेएन, शॅडोरॉकेट, सिंग-बॉक्स यातल्या कशातच सर्व्हर येत नाही. सर्व्हर तुमचा स्वतःचा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला व्हर्च्युअल सर्व्हर) असेल, नाहीतर ऑफिसने किंवा एखाद्या कंपनीने दिलेली लिंक असेल. नुसता क्लायंट टाकून वाट बघणं म्हणजे सेट टॉप बॉक्स आणला पण रिचार्ज मारलाच नाही, तसं झालं.

त्यामुळे क्लायंट निवडायचा तो "टॉप टेन" व्हिडिओ बघून नाही, हातात असलेली लिंक बघून. लिंकच्या सुरुवातीलाच प्रोटोकॉलचं, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या पद्धतीचं नाव असतं, एसएस म्हणजे शॅडोसॉक्स, बाकी व्हीमेस, व्हीलेस, ट्रोजन, हिस्टेरिया टू वगैरे. आउटलाइन नावाच्या ॲपची की असेल तर विषयच संपला, आउटलाइनचंच ॲप टाका, ते पाचही सिस्टिमवर मिळतं. व्हीलेस रिॲलिटी असेल तर जुन्या मूळ क्लॅशच्या कोअरला (आतल्या इंजिनला) ते कळतच नाही, मिहोमो या क्लॅशच्याच पुढच्या कोअरवाला क्लायंट लागतो. आणि सबस्क्रिप्शन लिंकचे फॉरमॅटही वेगवेगळे, क्लॅशवाल्यांना यॅमल फाइल लागते, सिंग-बॉक्सला जेसन, व्हीटूरेवाल्यांना बेस-सिक्स्टीफोरमधली लिंकांची यादी. "इम्पोर्ट झालं पण एकही नोड (सर्व्हर) दिसत नाही" याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. यावर काही जण ऑनलाइन कन्व्हर्टर साइटवर लिंक टाकून फॉरमॅट बदलून घेतात, ते करू नका राव, ती लिंक म्हणजे तुमचा पासवर्डच आहे आणि तो तुम्ही अनोळखी माणसाच्या सर्व्हरला दिलात.

डाउनलोड करताना

क्लॅश फॉर विंडोज नावाचा क्लायंट एके काळी जिकडेतिकडे होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या डेव्हलपरने गिटहबवरचं (प्रोग्रॅमचा कोड आणि फाइली ठेवायची साइट) सगळं काढून टाकलं, मूळ क्लॅशचा कोडही त्याच सुमारास गेला. आजही लोक तेच नाव सर्च करतात आणि "ऑफिशियल" लिहिलेल्या कुठल्यातरी साइटवरून एक्सई उतरवतात. त्या फाइलमध्ये कोणी काय घातलंय देव जाणे, आणि हे सॉफ्टवेअर असं की तुमचा सगळा नेट ट्रॅफिक त्याच्या हातातून जाणार. आज क्लॅशच पाहिजे असेल तर मिहोमोवर चालणारा क्लॅश व्हर्ज रेव्ह बघा, आणि तो गिटहबच्या रिलीज पानावरूनच घ्या. चेकसम (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा) दिलेला असेल तर जुळवून बघा, विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल कमांड आधीपासूनच असते, मॅक-लिनक्सलाही असते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मग रिलीज पानावर पंधरा-वीस फाइली दिसतात आणि तिथे घोळ होतो. "एएमडी-सिक्स्टीफोर" बघून इंटेलवाले म्हणतात ही आपली नाही. आपलीच आहे! ते नुसतं चौसष्ट-बिट एक्स-एटीसिक्सचं नाव आहे, इंटेलचा लॅपटॉप असला तरी तीच फाइल. "डार्विन" म्हणजे मॅक. एम सिरीजचा मॅक असेल तर आर्म-सिक्स्टीफोर. ॲन्ड्रॉइडला अलीकडच्या बहुतेक फोनसाठी आर्म-सिक्स्टीफोर-व्हीएटए, आणि अजिबातच कळत नसेल तर युनिव्हर्सल उचला, साइज मोठी असते पण चालते.

विंडोजवर झिप मिळालं तर आधी पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा. झिपच्या आतूनच डबल क्लिक करणारे लोक कमी नाहीत, ॲप उघडतं आणि कोअर सापडत नाही म्हणून रडतं. फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्येही ठेवू नका, हे पोर्टेबल क्लायंट आपली सेटिंग त्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि तिथे लिहायची परवानगी नसते. डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करा.

मॅकवर "ॲप डॅमेज्ड आहे, ट्रॅशमध्ये टाका" असा मेसेज आला तर लगेच टाकू नका. बऱ्याचदा फाइल धडधाकट असते, डेव्हलपरने ॲपलकडून साइन-नोटराइज (तपासून मान्य) करून घेतलेली नसते म्हणून गेटकीपर, म्हणजे मॅकचा पहारेकरी, अडवतो. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये खाली जाऊन "ओपन एनीवे" मिळतंय का बघा. पूर्वी राइट क्लिक करून ओपन केलं की व्हायचं, मॅकच्या सिकोया व्हर्जनपासून ती सोय ॲपलने काढली. तिथेही बटण नसेल तर टर्मिनलमधून मॅकने डाउनलोड केलेल्या फाइलवर मारलेला क्वारंटाइनचा शिक्का काढावा लागतो. पण फाइल कुठून आणलीये याची खात्री असेल तरच हं, नाहीतर गेटकीपर बरोबर आहे असं समजा.

कनेक्टेड आहे, पण चालत नाही

इथे जरा थांबून तीन प्रश्न वेगळे करा. क्लायंट चालू आहे का, ॲपचा ट्रॅफिक क्लायंटपर्यंत येतोय का, आणि क्लायंट सर्व्हरपर्यंत पोचतोय का. सगळे जण तिसऱ्यावर संशय घेतात आणि घोळ दुसऱ्यात असतो.

तपासायचं कसं? क्लायंटच्या सेटिंगमध्ये लोकल पोर्ट बघा. क्लॅशमध्ये पूर्वापार ७८९० असायचा, व्हीटूरेएनमध्ये १०८०८, तुमच्याकडे वेगळा असू शकतो. मग टर्मिनल उघडून कर्ल कमांडला १२७.०.०.१ (म्हणजे तुमचंच मशीन) आणि तो पोर्ट स्वतःच्या हाताने देऊन एखादं पान मागवा. पान आलं तर क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही ठणठणीत, दोष तुमच्या ब्राउझरचा किंवा ॲपचा. कनेक्शनच नाकारलं तर क्लायंटचा कोअर चालूच नाही किंवा पोर्ट चुकलाय. नुसतं लटकून टाइमआउट झालं तर मात्र सर्व्हरकडे बघा.

आणि कृपा करून पिंग मारून टेस्ट करू नका. पिंग आयसीएमपीवर चालतं, प्रॉक्सीचा सॉक्स फाइव्ह प्रोटोकॉल नेतो फक्त टीसीपी आणि यूडीपी, त्यामुळे पिंगवरून प्रॉक्सीबद्दल काहीच कळत नाही.

दुसरा प्रश्न मोठा आहे, कारण "सिस्टम प्रॉक्सी" हे नाव ऐकून वाटतं की सगळी सिस्टिम त्यातून जाणार. तसं नसतं. ती फक्त एक सूचना आहे, जे ॲप ती पाळतं ते पाळतं. क्रोम, एज पाळतात. फायरफॉक्समध्ये स्वतःचं वेगळं सेटिंग असतं आणि तिथे कधीतरी "नो प्रॉक्सी" करून ठेवलं असेल तर तो सिस्टिमकडे बघणारच नाही. गिट, बरेचसे गेम, टर्मिनलमधल्या कमांड यांना त्याचं काही देणंघेणं नाही. विंडोज स्टोअरमधली ॲप तर आणखी वेगळी, त्यांना लोकल पत्त्याशी बोलायलाच बंदी असते, त्यासाठी लूपबॅकची सूट द्यावी लागते, काही क्लायंटमध्ये त्याचं बटण असतं. मॅकवर प्रॉक्सी प्रत्येक नेटवर्कला वेगळी लागते, वायफायवर लावली आणि नंतर लॅनची वायर जोडली की सेटिंग गेलं कुठे म्हणून शोधत बसायचं.

सगळंच न्यायचं असेल तर टन मोड. त्यात क्लायंट एक व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड तयार करतो आणि ट्रॅफिक तिथूनच उचलतो, ॲपने ऐको न ऐको. पण त्याला विंडोजवर ॲडमिन परवानगी किंवा सर्व्हिस मोड लागतो, लिनक्सवर रूट. परवानगी न देता टन चालू केला तर काही क्लायंट स्विच चालू दाखवतात आणि आत काहीच होत नाही. दुसरा व्हीपीएन चालू असेल तर तो आधी बंद करा, दोघं एकाच राउटवर हक्क सांगतात.

उलटी तक्रारही येते, क्लायंट बंद केल्यावर नेटच गेलं! लॅपटॉप एकदम बंद पडला किंवा क्लायंट क्रॅश झाला की सिस्टम प्रॉक्सीचं सेटिंग तसंच राहतं, ब्राउझर १२७.०.०.१ वर दार वाजवत बसतो आणि तिथे कोणी नसतं. राउटर रीस्टार्ट करून, ब्रॉडबँडवाल्याला फोन करून उपयोग नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी उघडा, मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा, नेट हजर.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं. टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं तरी सुडो (ॲडमिन म्हणून कमांड चालवणं) लावल्यावर ते गळून पडतं, म्हणून ब्राउझर चालतो आणि ॲप्ट अपडेट अडकतं. एचटीटीपी प्रॉक्सीचं व्हेरिएबल कर्ल फक्त स्मॉल लेटरमध्ये वाचतो, कॅपिटलमध्ये लिहिलंत तर दुर्लक्ष करतो. डॉकरच्या डीमनला वेगळं सेटिंग. कमांडला जबरदस्तीने प्रॉक्सीतून नेणारं प्रॉक्सीचेन्स हे टूल गो भाषेत लिहिलेल्या स्टॅटिक प्रोग्रॅमवर चालत नाही, तिथे डोकं फोडू नका, टन लावा. आणि सॉक्स फाइव्हच्या पुढे एच लावला नाही तर साइटचं नाव तुमच्याच मशीनवर सोडवलं जातं, म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) प्रॉक्सीच्या बाहेरूनच जातं.

घड्याळ

ही चूक एवढी साधी की कोणी तपासतच नाही. व्हीमेसला दोन्हीकडची वेळ जुळावी लागते, व्हीटूरेच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे ९० सेकंदांच्या आत, आणि शॅडोसॉक्सच्या २०२२ वाल्या नव्या पद्धतीत तर ३० सेकंदांच्या आत. टाइमझोन कुठलाही चालतो, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) बरोबर पाहिजे. आपल्याकडे विंडोज आणि लिनक्स ड्युअल बूट करणाऱ्यांना हे हमखास चावतं, लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी ठेवतो, विंडोज तीच लोकल वेळ समजतो, आणि विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. "काल चालत होतं, आज नाही" याचं हे उत्तर असू शकतं. वेळ सिंक करा, आणि दोन्ही सिस्टिमना एकच पद्धत लावून टाका.

मोबाइल

ॲन्ड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो आणि हे सगळे क्लायंट त्याच सोयीवर चालतात, म्हणजे ॲडब्लॉकरवाला व्हीपीएन चालू असेल तर एकाला घरी पाठवावं लागणार. शाओमी, रियलमी, विवो या फोनांवर बॅटरी सेव्हर मागच्या मागे क्लायंट मारून टाकतो, स्क्रीन बंद झाली की कनेक्शन गेलं असं होत असेल तर बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा आणि ऑटोस्टार्ट द्या. काही बँकांची ॲप व्हीपीएन दिसला की उघडत नाहीत, त्यासाठी सगळं बंद करायची गरज नाही, पर-ॲप प्रॉक्सीमध्ये बँक आणि यूपीआयची ॲप वगळा. जिओवर आयपीव्हीसिक्स भरपूर चालतं, क्लायंटमध्ये आयपीव्हीसिक्स हाताळलेलं नसेल तर अर्धा ट्रॅफिक बाहेरून निघून जाऊ शकतो, लीक टेस्ट (ट्रॅफिक बाहेरून जातोय का ते बघणं) एकदा मोबाइल डेटावरही करा.

आयफोनवर पर्याय ॲप स्टोअरमधूनच, आणि शॅडोरॉकेटसारखी काही विकतची. चीनच्या ॲप स्टोअरमधून ॲपलने २०१७ मध्येच व्हीपीएन ॲप काढली, त्यामुळे इथून एमबीबीएसला किंवा नोकरीला तिकडे जाणाऱ्यांनी, सगळं टाकून, चालवून बघून मगच विमानात बसावं. तिथे पोचल्यावर कोणीतरी "शेअर्ड ॲपल आयडी" देतो, सेटिंगमध्ये तुम्ही त्या आयडीने लॉगिन केलं की तो माणूस तुमचा फोन लॉक करून पैसे मागू शकतो. तिथले नियमही वाचून जा. तीच गोष्ट दुबईवाल्यांची, यूएईच्या २०२१ च्या सायबर कायद्यात आयपी लपवून गुन्हा केला तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम आहे.

आयओएसवर आणखी एक, नियमांची भलीमोठी यादी घातली की टनेल (क्लायंटची जोडणी) आपोआप तुटतो, कारण त्याला मेमरी जेमतेम ५० एमबी मिळते. यादी छोटी करा.

क्लायंटमधला "अलाऊ लॅन" चा स्विच गरज नसेल तर बंद ठेवा, कॅफेच्या वायफायवर बसलेला कोणीही तुमची प्रॉक्सी वापरू शकतो.

एवढं करून अडलंच तर मदत मागताना "चालत नाही भाऊ" एवढंच लिहू नका. सिस्टिमचं व्हर्जन, चिप कुठली, क्लायंटचं नाव आणि व्हर्जन, वरची कर्लवाली टेस्ट काय म्हणाली, आणि लॉगच्या शेवटच्या पाच-दहा ओळी द्या. स्क्रीनशॉटमधून सर्व्हरचा पत्ता, यूयूआयडी (तुमचा गुप्त आयडी) आणि क्यूआर कोड आधी खोडा, ग्रुपवर क्यूआर टाकला की दुसऱ्या दिवशी तुमचा डेटा संपलेला असतो.