मॉडेल हेलिकॉप्टरसाठी रेडिओ निवडताय? या चुका टाळा

हेलिकॉप्टरचा छंद नव्याने जडलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती चॅनेलचा रेडिओ घेऊ?’ हा, आणि गफलत तिथूनच सुरू होते. कलेक्टिव्ह पिच (म्हणजे सगळ्या मुख्य पात्यांचा कोन एकदम बदलणाऱ्या) हेलिकॉप्टरला थ्रॉटल, एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, पिच आणि जायरोचा गेन (शेपटी सावरणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) असे किमान सहा चॅनेल, म्हणजे स्वतंत्र नियंत्रणे, लागतात, आणि गव्हर्नर (पात्यांचा वेग कायम राखणारी सोय) किंवा सेटिंगची बँक बदलण्यासाठी आणखी एक-दोन. मध्यम किमतीच्या बहुतेक ट्रान्समीटरमध्ये आता एवढे चॅनेल असतातच. पाहायचे असते ते त्यात हेलिकॉप्टरचा स्वतंत्र मेनू आहे की नाही, म्हणजे थ्रॉटल आणि पिच यांचे वेगवेगळे कर्व्ह, थ्रॉटल होल्ड (मोटर तात्काळ बंद करणारी कळ) आणि दोन-तीन फ्लाइट मोड त्यात आहेत की नाहीत. एजटीएक्ससारख्या खुल्या प्रणालीवर हे सारे करता येते, मात्र बरेचसे मिक्स (कोणत्या काठीने काय हलावे याचे नियम) स्वतः रचावे लागतात. पहिल्याच हेलिकॉप्टरवर हा अभ्यास करू नये, असे माझे मत आहे.

दुसरी चूक क्रमाची आहे. आधी रेडिओ आणि मग फ्लायबारलेस युनिट (हेलिकॉप्टरला हवेत सावरणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) अशी खरेदी केली, की दोघांची भाषा जुळत नाही हे घरी आल्यावर कळते. युनिट एस-बस ही सिग्नलची भाषा घेते, स्पेक्ट्रम कंपनीचा सॅटेलाइट (छोटा रिसीव्हर) थेट जोडू देते की सीआरएसएफ ही दुसरी भाषाही समजते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून मगच रेडिओ ठरवावा. एक्सप्रेसएलआरएस ही खुली रेडिओ-प्रणाली स्वस्त आणि उत्तम आहे, परंतु तिची भाषा मुख्यतः सीआरएसएफ, आणि जुन्या अनेक युनिटना ती कळत नाही. शिवाय तिचे 900 मेगाहर्ट्झचे मॉड्यूल मागवताना आपल्याकडे भारतात विनापरवाना वापरासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे, 915 नव्हे, याचे भान ठेवावे. 2.4 गिगाहर्ट्झचा संच घेतला तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

मोड 1 आणि मोड 2 (कोणते नियंत्रण कोणत्या काठीवर, याच्या दोन मांडण्या) यांचा निर्णय ज्याच्याकडून शिकणार आहात त्याच्या हाताकडे पाहून घ्यावा. मोड 2 मध्ये थ्रॉटल आणि पिच डाव्या काठीवर असतात. विमानासाठी जुळवलेल्या ट्रान्समीटरमध्ये ही काठी रॅचेटच्या दातांवरून कट-कट करत सरकते. हेलिकॉप्टर हवेत स्थिर धरताना दोन दातांमधली नेमकी जागा हवी असते आणि ती मिळत नाही. ही कट-कट करणारी पट्टी काढता येते किंवा सैल करता येते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

आता ज्या तक्रारींचे खापर रेडिओवर फुटते त्यांच्याकडे वळू. सर्वात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे दुहेरी मिक्सिंग, म्हणजे तेच मिश्रण रेडिओ आणि युनिट दोघांनीही करणे. स्वॉशप्लेटच्या (पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीच्या) तिन्ही सर्वोंचे, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटरांचे, मिश्रण फ्लायबारलेस युनिट स्वतः करते, त्यामुळे ट्रान्समीटरमध्ये स्वॉशचा प्रकार एक-सर्वो, म्हणजे काही रेडिओंच्या भाषेत एच-1 किंवा ‘नॉर्मल’, असाच ठेवावा लागतो. माझ्या पहिल्या हेलिकॉप्टरवर तो 120 अंशांवर राहिला होता. दोन संध्याकाळी मी सर्वोंवर संशय घेत त्यांची अदलाबदल करत बसलो. शेवटी युनिट संगणकाला जोडले, तेव्हा एलेव्हेटरची काठी ढकलताच पडद्यावरच्या तीन पट्ट्या एकदम हलताना दिसल्या. खूण सोपी आहे: पिच आणि थ्रॉटल एकाच काठीवर असल्याने त्यांचा अपवाद सोडला, तर एका काठीच्या एका हालचालीला एकच पट्टी हलली पाहिजे.

ट्रिमचेही तसेच. विमानाच्या सवयीने हेलिकॉप्टर एका बाजूला सरकले की बोट ट्रिमकडे (काठीचा मध्य किंचित सरकवणाऱ्या बटणाकडे) जाते. फ्लायबारलेस युनिट मात्र काठीच्या स्थितीला ‘या वेगाने फिर’ अशी आज्ञा समजते, म्हणून चार टिचक्या ट्रिम दिला की ते इमानेइतबारे सतत त्या दिशेला कलत राहते. ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर ठेवून मध्य युनिटच्या सेटअपमध्येच जुळवावा. टेबलावर काठी सोडल्यानंतर स्वॉश लगेच मध्यावर येत नाही, हा मात्र बिघाड नव्हे.

‘सिग्नल तुटला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा वीज तुटलेली असते. तिन्ही स्वॉश सर्वो आणि टेलचा सर्वो एकदम जोर लावतात, दुबळ्या बीईसीचे (रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणाऱ्या भागाचे) व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मोटरच्या तारा सोडवून दोन्ही काठ्या जोराने ढवळाव्यात आणि टेलिमेट्रीत (हेलिकॉप्टरकडून रेडिओवर परत येणाऱ्या माहितीत) व्होल्टेजचा नीचांक पाहावा. त्यात काही आढळले नाही, तर अँटेना तपासाव्यात: कार्बन फायबरची चौकट रेडिओलहरी अडवते, म्हणून 2.4 गिगाहर्ट्झच्या अँटेनाचे टोकाकडचे सुमारे 31 मिलिमीटर उघडे तुकडे चौकटीबाहेर सरळ आणि एकमेकांशी काटकोनात असावेत.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करावे, हा मुद्दा छोटा, पण जीवावर बेतणारा आहे. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवतात, म्हणजे पाती फिरतच राहतात. काही बाइंड करतानाची, म्हणजे रेडिओ आणि रिसीव्हरची जोडी जुळवतानाची, काठीची स्थिती साठवतात, म्हणून बाइंड करताना थ्रॉटल शून्यावरच हवा. नंतर मुख्य पाती काढून, मोटर मंद चालू असताना ट्रान्समीटर बंद करून पाहावा. मोटर थांबली पाहिजे.

थ्रॉटल होल्डची कळ कोणती ठेवायची, हेही खरेदीच्या वेळीच पाहावे. ट्रान्समीटर हातात घेऊन डोळे मिटावेत आणि काठीवरचा अंगठा न उचलता बोट त्या कळीपर्यंत पोहोचते का, हे चार-पाच वेळा करून बघावे.