यकृताच्या पेशी वितळवण्याआधी

प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर औषधाचा परिणाम तपासायचा असेल, तर औषध पेशींवर किती दिवस ठेवायचं आहे, ते आधी वहीत लिहा. पेशी ठेवायच्या छोट्या खान्यांच्या प्लेटची ऑर्डर त्यानंतर. चयापचयाचा वेग एका दिवसात मोजायचा असेल, तर कोलॅजेन (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) लावलेली साधी प्लेट पुरते. विष हळूहळू चढत असेल तर ती पुरणार नाही. सपाट थरात माणसाच्या यकृतपेशींमधले, औषधांचं विघटन करणारे सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम दोन-तीन दिवसांतच झपाट्याने घटतात. १९९३ साली अमेरिकेत हिपॅटायटिस-बीवरच्या फियालुरिडिनच्या चाचणीत १५पैकी ५ रुग्ण दगावले, आणि औषधाचा घातकपणा उघड व्हायला कित्येक आठवडे गेले होते. अशा शोधासाठी पेशी तळाला न चिकटू देणाऱ्या प्लेट मागवा. त्यांत पेशी एकमेकींना धरून गोळे करतात आणि आठवडेच्या आठवडे कामाच्या राहतात.

पित्तात औषध किती जातं हे पाहायचं असेल तर खाली कोलॅजेन, वर मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा पातळ थर. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून बनतं, त्यामुळे लॉटगणिक (उत्पादनाच्या खेपेगणिक) फरक पडतो. अख्ख्या अभ्यासाला पुरेल इतका एकच लॉट घ्या. आदल्या रात्री ते फ्रीजमध्ये बर्फात ठेवा आणि पिपेटच्या टिप्सही गार करा, कारण १० अंशांच्या वर ते घट्ट होऊ लागतं.

प्लेटऐवजी चिप (बारीक नळ्यांतून द्रव वाहणारं पेशी ठेवायचं छोटं उपकरण) वापरणार असाल तर ती कशाची आहे ते विचाराच. सिलिकोन रबर तेलात विरघळणारी औषधं शोषून घेतं. मग पेशींपर्यंत कमी औषध पोचतं आणि ते निरुपद्रवी ठरतं. कुठलंही साहित्य निवडा, पण पेशी नसलेल्या काही खान्यांत तेच औषध घालून शेवटी किती उरलं ते मोजा. ही पायरी वेळ नाही म्हणून वगळली जाते, आणि मला ते अजिबात मान्य नाही.

हेप-जी-२ या यकृताच्या गाठीतून आलेल्या पेशी स्वस्त, पण त्यांचा चयापचय फार कमी. हेपाआरजी या तशाच दुसऱ्या पेशी तयार व्हायला सुमारे चार आठवडे लागतात, तेवढे वेळापत्रकात धरा. माणसाच्या पेशी घेताना लॉट प्लेटवर चिकटणारा आहे असं प्रमाणपत्रात लिहिलेलं हवं. त्या कुणाच्या तरी दान केलेल्या यकृतातून आलेल्या असतात. गोठवलेल्या पेशींची व्हायल (कुपी) बाहेर काढण्याआधीच विल्यम्स-ई मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) कोमट आणि प्लेट तयार असली पाहिजे. मीडियममध्ये सिरम (रक्तातला द्रव भाग) फक्त पेशी चिकटेपर्यंत, पुढे नाही. मेलेल्या पेशी ओळखायला ट्रिपॅन ब्लू हा रंग हाताशी ठेवा, आणि नुसत्या डीएमएसओच्या (औषध विरघळवायच्या द्रावकाच्या) खान्यांसाठी जागा राखून प्लेटचा नकाशा आखा.