ठासणीच्या जुन्या रायफलीत अडकलेली गोळी काढताना या चुका टाळा

जुनी ठासणीची रायफल हातात आली की बहुतेक जण आधी घोडा ओढून पाहतात आणि मग नळीच्या तोंडाला डोळा लावतात. पहिली चूक तिथेच होते, आत काही अडकलंय हे कळायच्याही आधी. विकणाऱ्यानं 'रिकामी आहे' असं मनापासून सांगितलेलं असतं, कारण त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. त्या शब्दावर विसंबू नका. आत काय आहे ते गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची लांब सळई, सांगतो.

निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या बारीक भोकाच्या बोंडावर, ठिणगी पाडणारी टोपी असेल तर ती काढा. चकमकीची बंदूक असेल तर चकमक सोडवून बाजूला ठेवा. नळीचं तोंड कुणाच्याच दिशेनं नको, तुमच्याही नको. गज हळूच आत सोडा आणि तो टेकला की नळीच्या तोंडापाशी त्यावर पेन्सिलनं खूण करा. मग तो बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. गजाचं टोक निपलपर्यंत, किंवा चकमकीच्या बंदुकीत कानाच्या भोकापर्यंत (दारूला ठिणगी पोचवणाऱ्या बाजूच्या भोकापर्यंत) पोचलं तर नळी रिकामी. अर्धा-पाऊण इंच अलीकडे राहिलं तर नुसती गोळी असू शकते, पण काही बंदुकांत दारूची मागची खोली मुळातच अरुंद असते आणि गज तिच्या तोंडावर अडतो, हेही लक्षात घ्या. दोन इंच अलीकडे राहिलं तर गोळीमागे दारू आहे असंच धरून चाला. ५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीत ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) दारू साधारण दीड इंच जागा खाते आणि गोळी अर्धा इंच. त्याहून जास्त फरक आला तर एकावर एक दोन बार (दारू आणि गोळीचा एक भरणा म्हणजे एक बार) भरलेत, नाहीतर गोळी अर्ध्या वाटेत अडकली आहे.

आवाजही ऐका. गज लोखंडावर टेकला की खणकतो, शिशावर टेकला की बद्द वाजतो. चिंधी, गंज किंवा किड्यांनी केलेलं मातीचं घर असेल तर तो दबल्यासारखा टेकतो आणि टोकाला भुकटी लागून येते.

भरलेली बंदूक विसरली जाणं नवं नाही. १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या रणांगणावरून साडेसत्तावीस हजारांच्या आसपास बंदुका गोळा केल्या, त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. भरलेल्यांपैकी निम्म्या बंदुकांत दोन-दोन बार होते आणि एकीत तर तब्बल २३. लढाईच्या धांदलीत आपला बार उडालाच नाही हे शिपायाला कळत नसे, तो वरून पुढचा ठासायचा. तेव्हा तुमच्या बंदुकीत एक गोळी निघाली म्हणून दुसरी नसेलच असं समजू नका. गोळी निघाली की गजानं पुन्हा मोजा.

दारू जुनी झाली म्हणजे मेली, हा समज

सगळ्यात घातक गैरसमज हाच, म्हणून यावर जरा थांबतो. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. हे तिन्ही पदार्थ कोरडे राहिले तर वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. दूध नासतं तशी दारू नासत नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जुन्या युद्धसामग्रीचा एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना स्फोटात मेला. तो गोळा सुमारे १४० वर्षं जुना होता.

या दारूची दुखरी नस म्हणजे पाणी, कारण सोरा पाण्यात विरघळतो. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम सोरा जातो, गरम पाण्यात कितीतरी जास्त. सोरा धुऊन गेला की मागे ओला कोळसा आणि गंधक उरतं, ते स्फोट करू शकत नाही. म्हणून गोळीला हात लावण्याआधी दारू धुवायची. हा क्रम कधीच उलटा करू नका.

इथे लोक तेल ओततात. गंज सुटायला तेल ठीक, पण त्यानं सोरा विरघळत नाही. तेल लागलेली दारू पेटणारच नाही असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, आणि भोवती गुंडाळलेल्या चिंधीसकट घट्ट बसलेल्या गोळीच्या पलीकडे तेल किती झिरपलं हे तुम्हाला दिसत नाही.

पाणी तोंडाकडून ओतलं तरी हीच अडचण येते, गोळी बुचासारखी बसलेली असते. म्हणून ते मागून द्यायचं. निपल योग्य मापाच्या पान्ह्यानं काढा. गंजून बसलं असेल तर दोन दिवस गंज सोडवणारं तेल लावून ठेवा, पक्कड लावून मुरगळू नका, तुटलं तर काम दुप्पट होतं. चकमकीच्या बंदुकीत कानाच्या भोकातून काम करावं लागतं. मोठ्या सिरिंजला बारीक रबरी नळी लावून कोमट पाणी आत सोडा, बंदूक कलती करून ते बाहेर येऊ द्या, पुन्हा सोडा. पहिल्यांदा येतं ते शाईसारखं काळं, भांड्याच्या तळाला कणीदार गाळ बसतो. ही कणी दिसली की अंगावर काटा येतो, कारण थोड्या वेळापूर्वी ती जिवंत होती. मग पाणी राखाडी होत जातं. रात्रभर भरून ठेवा, सकाळी पुन्हा धुवा. स्वच्छ पाणी आलं तरी बंदूक भरलेली आहे असंच वागा.

त्याला कारणही आहे. आधीच्या माणसानं आत काय भरलं ते तुम्हाला माहीत नाही. काही जण ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली धूरविरहित दारू भरण्याची भयंकर चूक करतात. ती पाण्यात विरघळत नाही, वाळली की पुन्हा पेटू शकते. धुताना काळ्या पाण्याऐवजी न विरघळणाऱ्या बारीक चकत्या, नळकांड्या किंवा मणी बाहेर आले तर काम तिथेच थांबवून बंदूक जाणकार बंदूककाराकडे सोपवा.

'उडवून टाकू की' असं म्हणणारे

टोपी लावायची, दोरीनं चाप ओढायचा, गोळी आपोआप बाहेर. ऐकायला सोपं वाटतं. पण दारू किती, कोणती, बार एक की दोन, हे ठाऊक नसताना हा जुगार आहे. गोळी दारूवर टेकलेली नसेल, मध्ये पोकळी असेल, तर मागून धडकणाऱ्या वायूला गोळी अडथळा ठरते आणि त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. वर्षानुवर्षांच्या गंजानं शिसं नळीला धरून बसलेलं असतं ते वेगळंच.

या युक्तीचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे. मैदानावर तुम्ही स्वतः आत्ताच दारू घालायला विसरून गोळी ठासली असेल, तर ती अगदी तळाशी टेकवून, निपलच्या भोकातून चार-पाच ग्रेन काळी दारू सरकवून ती सुरक्षित दिशेला बाहेर ढकलता येते. तिथे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलं असतं. जुन्या, अनोळखी रायफलीत तसं काहीच नसतं.

गरम करून शिसं वितळवण्याची कल्पनाही कुणाकुणाला सुचते. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. त्या दिशेनं तापत जाणाऱ्या बंद नळीत गोळीमागे दारू असेल तर तुम्ही बॉम्ब तापवताय. हे कधीच करू नका.

दाबाची हवा किंवा कार्बन डायऑक्साइडचं छोटं नळकांडं लावून गोळी उडवायची साधनं मिळतात. ताज्या भरलेल्या गोळीला ती चालतात. गंजलेल्या गोळीला बहुधा पुरत नाहीत, आणि पुरली तर दाबलेला वायू गोळी एकदम वेगानं फेकतो. घरात तर नकोच.

गज ठोकू नका

हातोडीनं गज ठोकला की गोळी 'सुटेल' असं वाटतं. उलट होतं. शिसं मऊ असल्यानं ठोक्यागणिक ते चपटं होऊन बाजूंना फुगतं आणि रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार रेघांच्या, खोबणीत आणखी रुतून बसतं. आणि गोळीमागे कोरडी दारू असेल तर तुम्ही तिच्यावर घाव घालताय.

गोळी ओढून काढायला मळसूत्री काटा लागतो. लाकडाच्या स्क्रूसारखं टोकदार पोलादी टोक असतं, ते शिशात रुतवून ओढायचं. विकत घेताना त्याला नळीच्या मापाची पितळी कॉलर आहे ना ते पाहा. कॉलर नसेल तर टोक मध्यावर राहत नाही, बाजूला सरकून रायफलिंगवर ओरखडे काढतं, आणि तो ओरखडा कायमचा. काट्याचे आटे गजाच्या आट्यांशी जुळतात का तेही बघा. अमेरिकी धाटणीच्या गजांना ८-३२ किंवा १०-३२ आटे (पहिला आकडा जाडीचा क्रमांक, दुसरा इंचातल्या आट्यांची संख्या) सर्रास असतात, इतर बनावटीत मिलिमीटरमधले. दोन फेऱ्यांवर अडलेले आटे म्हणजे 'बसले' नव्हेत, ओढताना ते सुटतात आणि काटा आतच राहतो.

बंदुकीखाली खोचलेला लाकडी गज या कामाला वापरू नका. ही चूक मी केली आहे. लाकडाचा धागा तिरका होता, मी जोर लावला आणि गज तिरका चिरत तुटला. सुरीसारखं टोक तळहातात अंगठ्याच्या मुळाशी शिरलं. जखम भरली, पण पेन धरताना ती जागा अजून जाणवते. लाकडी गजाच्या टोकाची पितळी टोपीही पुष्कळदा नुसती चिकटवलेली असते, आरपार खिळा मारून पक्की केलेली नसते. ओढलं की टोपी काट्यासकट आत राहते, मग एका अडथळ्याचे दोन होतात. पोलादी किंवा भक्कम पितळी गज घ्या, आडवी मूठ असलेला, आणि नळीच्या तोंडाला गज घासू नये म्हणून तोंडाशी पितळी मार्गदर्शक बसवा.

आता पद्धत. गोळीच्या पुढे थोडं साबणाचं पाणी किंवा तेल सोडा. काटा गोळीवर टेकवून मुठीला तळहाताची एक बेताची थाप द्या म्हणजे टोक शिशात धरेल, मग दाब ठेवून उजवीकडे फिरवा. आधी मोकळा फिरतो, मग जड होत जातो, आणि त्या जडपणातच काटा रुतल्याचं कळतं. आणखी दोन-तीन फेरे द्या आणि थांबा. फार फिरवलात तर गोळी फुगते किंवा भोक मोठं होऊन पकडच जाते.

ओढताना गज खांबाला अडकवा आणि बंदूक मागे ओढा, गज हातात धरून नको. मूठ पक्क्या आधारामागे अडकली की तुम्ही दस्त्याकडे उभे राहता आणि नळीचं तोंड आधाराकडे राहतं. सरळ रेषेत, हिसका न देता, वाढत्या जोरानं ओढा. काटा सुटून आला तर त्याच भोकात तोच काटा पुन्हा घालू नका, जरा जाड काटा घ्या. टोक नुसतं घसरतंय, शिशाचा कीसही निघत नाहीये, असं झालं तर गोळी कडक मिश्रधातूची असेल किंवा वर प्लास्टिकचं आवरण असेल. तिथे काट्याचा हट्ट सोडा.

ग्रीस गन, माझी आवडती रीत

काटा हरला की मी ग्रीसकडे वळतो. खरं म्हणजे आधीच वळायला हवं. अमेरिकी धाटणीच्या बऱ्याच बंदुकांत निपलचे आटे पाव इंच जाडीचे, इंचाला २८ असे असतात, आणि यंत्रांना लावायचं साधं ग्रीस निपलही त्याच आट्यांचं मिळतं. युरोपीय बनावटीत ६ मिलिमीटरचे आटे असतात, तेही ०.७५ किंवा १ मिलिमीटर अंतराचे, म्हणून आधी मोजा. बंदुकीचं निपल काढून जागी ग्रीस निपल बसवा, ग्रीस गन लावा आणि पंप मारत जा.

ग्रीस जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून त्यात हवेसारखा जोर साठत नाही. पंप थांबला की गोळी थांबते. ती इंच-इंच सरकत येते आणि शेवटी तोंडाशी गुंडाळलेल्या फडक्यात टपकन पडते. ५० कॅलिबरची तीस इंची नळी भरायला साधारण १०० घनसेंटीमीटर ग्रीस लागतं, ते आधीच भरून ठेवा. जोडातून ग्रीस फुटत असेल तर तिथे बोट ठेवू नका, त्या दाबाचं ग्रीस कातडीत घुसतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार वाईट असते. दारू आधी धुतलेली हवी, हा नियम इथेही तसाच.

नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच काढायचं असेल तर ते कोणत्या बंदुकीचं यावर सगळं आहे. आधुनिक सरळ रचनेच्या ठासणीच्या रायफलीत ते काढण्यासाठीच बनवलेलं असतं, म्हणून दारू धुतल्यावर बूच काढून गोळी मागून पुढे ढकलणं हाच तिथे सोपा मार्ग. जुन्या धाटणीच्या बंदुकीत मात्र घरच्या व्हाइसमध्ये नळी आवळून पाना लावलात तर नळी पिळते आणि बूच आणि नळी यांवरची जुळणीची खूण पुन्हा जुळत नाही. ते काम कसलेल्या हाताचं.

गोळी निघाल्यावर

गरम पाण्यानं नळी धुवा, पूर्ण कोरडी करा, तेल लावा. ग्रीस वापरलं असेल तर आधी रॉकेलच्या चिंध्या फिरवा आणि त्या उघड्यावर वाळवा, घरात आग जवळ असताना नको.

मग गजाच्या टोकाला घट्ट बसणारी तेलकट चिंधी लावून ती तळापासून तोंडापर्यंत एकसारख्या वेगानं ओढा आणि हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष द्या. सगळीकडे सारखा विरोध हवा. एखाद्या जागी चिंधी अचानक मोकळी होऊन पुढे पुन्हा आवळली तर तिथे नळी फुगलेली आहे. कुणीतरी आधी अर्ध्या वाटेतली गोळी उडवून पाहिलेली असते, त्याची ही खूण. बाहेरून नळीवर बोट फिरवलं तर कधी कधी बारीक कडं लागतं, कधी काहीच लागत नाही. अशी नळी बंदूककारानं पाहून ठीक म्हटल्याशिवाय त्यात दारूचा कणही घालू नका.